मामांच्या गाळ्यामागची माती : मोहरी, माठ आणि एकत्र आलेले चार धातू (प्रकल्प नोंदी)

१८ नोव्हेंबर २०२३

वागळे इस्टेटमध्ये मामांचा लेथचा गाळा आहे. गाळ्यामागे दहा बाय वीस फुटांचा मातीचा तुकडा, आणि तिथे मामी गेली कित्येक वर्षं माठ, अळू, मिरच्या लावत आली आहे. लहानपणापासून मी तिथला माठ खाल्लाय. दिवाळीत त्यांच्याकडे गेले तेव्हा मामा सहज म्हणाले, शेजारच्या गाळ्यात पूर्वी प्लेटिंगचं काम चालायचं आणि त्याचं पाणी ह्याच अंगाला उतरायचं. त्यांच्या स्वतःच्या जुन्या बॅटऱ्याही इथेच पडून असायच्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी वनस्पतिशास्त्र शिकवते आणि इतकी वर्षं हा प्रश्न माझ्या डोक्यातच आला नव्हता.

आज मातीचे नमुने घेतले. नागमोडी चालत नऊ जागांवरून, वरच्या १५ सेंटिमीटर थरातली. प्लास्टिकच्या खुरप्याने खणली आणि प्लास्टिकच्या टबात कालवली. मामांनी पत्र्याचं घमेलं पुढे केलं होतं, ते बाजूला ठेवायला सांगितलं. घमेल्यावर जस्ताचा मुलामा असतो आणि आपल्याला जस्तच मोजायचंय. मातीसोबत माठाची एक जुडीही घेतली, धुऊन.

मामा म्हणाले, "अगं, एवढा टवटवीत माठ, ह्यात काय असणार?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

२७ नोव्हेंबर २०२३

अहवाल आला. माती : शिसं ४१०, जस्त १,१५०, तांबं २९०, कॅडमियम ६.४. सगळे आकडे दर किलो कोरड्या मातीमागे मिलिग्रॅममध्ये. पीएच ६.१.

माठ : कॅडमियम "शोधमर्यादेखाली".

मामांना फोनवर वाचून दाखवलं. मामी मागून म्हणाली, "बघ, म्हटलं नव्हतं?" मलाही हायसं वाटलं, हे लिहून ठेवते. कारण ते हायसं वाटणं चुकीचं होतं.

२९ नोव्हेंबर २०२३

अहवालाच्या तळाशी बारीक अक्षरात शोधमर्यादा दिली होती : कॅडमियमसाठी ५ मिलिग्रॅम. म्हणजे वाळलेल्या माठात ४.९ असतं तरी कागदावर हेच शब्द आले असते.

कोडेक्स ह्या आंतरराष्ट्रीय अन्न-मानकाप्रमाणे पालेभाजीत कॅडमियम किलोला ०.२ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, आणि ते ओल्या, म्हणजे खातो त्या भाजीच्या वजनावर. माठात ८८ टक्के पाणी धरलं तर वाळलेल्या पाल्यावर ही मर्यादा साधारण १.७ येते. जे यंत्र ५ च्या खाली पाहूच शकत नाही, ते १.७ च्या प्रश्नाचं उत्तर काय देणार? प्रयोगशाळेला फोन केला. मातीसाठी ही पद्धत पुरते, भाजीसाठी वेगळी मागायला हवी होती, असं उत्तर मिळालं. नमुना देताना हे कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. २,४०० रुपये गेले, त्यातला मातीचा अर्धा भाग तेवढा उपयोगी पडला.

उरलेला वाळवलेला माठ दुसऱ्या प्रयोगशाळेत आयसीपी-एमएसवर, म्हणजे अगदी कमी प्रमाणही मोजू शकणाऱ्या यंत्रावर, दिला. नमुन्याला १,६०० रुपये, चारही धातूंचे मिळून. तुम्ही असं काही करणार असाल तर दर विचारण्याआधी शोधमर्यादा विचारा, आणि ती वाळलेल्या वजनावर आहे की ओल्या, हेही.

३ डिसेंबर २०२३

माठाचा आकडा आला : वाळलेल्या पाल्यात कॅडमियम ४.२. ओल्या भाजीत ०.५, म्हणजे मर्यादेच्या अडीच पट. मामीला आजच सांगितलं, तिथली भाजी बंद. ती काही बोलली नाही, फक्त "तुझ्या आईलाही द्यायचे गं मी" एवढंच म्हणाली.

आता प्रश्न दोन. ही माती झाडं लावून साफ होईल का? आणि चार धातू एकत्र असताना झाड नक्की कशाशी झगडतं? वाचायला जे मिळतं त्यात बहुतेक वेळा एका वेळी एकच धातू असतो. आमच्या मातीत चार आहेत.

झाड ठरवलं मोहरी. भराभर वाढते, थंडीत ठाण्यात येते, आणि शिसं, कॅडमियम, जस्त ह्यांच्यासाठी जगभर वापरली गेलेली आहे. आठ आठवड्यांत पीक हातात येतं. युरोपातली नोक्किया केरुलेसेन्स ही वनस्पती जस्त आणि कॅडमियम प्रचंड ओढते, पण ती थंड हवेतली, लहानखुरी. इथे तगणार नाही. पावसाळ्यात जुन्या भिंतींवर उगवणारं टेरिस विट्टाटा हे नेचं आर्सेनिक साठवतं, हे २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. पण आमच्याकडे आर्सेनिकचा प्रश्न नाही.

कुंड्यांची आखणी, प्रत्येक प्रकाराच्या तीन, कुंडीत ५ किलो कोरडी माती :

१. स्वच्छ माती
२. स्वच्छ माती + जस्त (किलोला २०० मिलिग्रॅम)
३. स्वच्छ माती + तांबं (किलोला १००)
४. स्वच्छ माती + जस्त + तांबं
५. गाळ्यामागची माती
६. गाळ्यामागची माती + चुना
७. गाळ्यामागची माती + आणखी २०० जस्त

शिवाय गाळ्यामागच्या मातीत वाळ्याच्या, म्हणजे खस गवताच्या, तीन कुंड्या. एकूण चोवीस. शिसं आणि कॅडमियम बाहेरून कुठेही मिसळायचं नाही, हे सुरुवातीलाच ठरवलं. मदतीला दोन विद्यार्थिनी आहेत, आणि असले क्षार त्यांच्या हाती द्यायची माझी तयारी नाही. प्रत्येक कुंडीखाली ताटली, पाणी बाहेर वाहू द्यायचं नाही.

८ डिसेंबर २०२३

पहिली चूक, सुदैवाने पेरणीआधी. "स्वच्छ माती" म्हणून मी नर्सरीतून लाल मातीची पोती आणली होती. ती भिजवली तर निम्मी शेणखत आणि कोकोपीट निघाली. सेंद्रिय पदार्थ तांब्याला आणि शिशाला घट्ट धरून ठेवतात. अशा मातीत १०० मिलिग्रॅम तांबं टाकलं तरी झाडाच्या मुळांशी त्यातलं फार थोडं पोचलं असतं, आणि मी "तांबं मोहरीला सोसतं" असं बिनदिक्कत लिहून मोकळी झाले असते.

मुरबाडजवळच्या एका ओळखीच्या शेतातली माती टेम्पोने आणली. पोत बराचसा गाळ्यामागच्या मातीसारखा, पीएच ६.३. टेम्पोचे १,५०० रुपये आणि पाच दिवस गेले.

९ डिसेंबर २०२३

क्षार मोजले. तांब्यासाठी मोरचूद : त्यात तांबं सुमारे २५.४ टक्के, म्हणून कुंडीला १.९६ ग्रॅम. जस्तासाठी झिंक सल्फेट : २२.७ टक्के धरून ४.४ ग्रॅम. पाण्यात विरघळवून थोड्या मातीत, मग ती माती सगळ्यात कालवली. चुन्याच्या कुंड्यांत १० ग्रॅम चुनखडीची पूड. लगेच मोहरी पेरली. वाळ्याचे ठोंबही आजच लावले.

१६ डिसेंबर २०२३

प्रकार २, ३ आणि ४ मधली रोपं उगवली आणि बसली. प्रकार ४ मध्ये तर बीजपत्रं उघडण्याआधीच कडा करपल्या. गाळ्यामागच्या मातीतली रोपं मात्र उभी आहेत, जरी तिथे जस्त मी ठरवलेल्या २०० च्या पाचपटींहून जास्त आहे.

हे बघून मी तासभर त्या कुंड्यांपाशीच बसले. मग लक्षात आलं : गाळ्यामागचं जस्त तिथे वर्षानुवर्षं आहे. ते मातीच्या कणांत आणि लोह-मँगॅनीजच्या ऑक्साइडांत रुतून बसलंय. माझं जस्त सात दिवसांपूर्वीचं, जवळजवळ सगळं पाण्यात विरघळलेलं. एकाच आकड्याचे हे दोन वेगळे पदार्थ आहेत. नुसता "एकूण" आकडा झाडाला काहीच सांगत नाही. झाडाला कळतं ते मुळाभोवतीच्या पाण्यात काय आहे तेवढंच.

क्षार मिसळलेली माती तीन-चार आठवडे ओली-सुकी करत मुरवायला हवी होती. मी हे शिकवते. घाई केली, कारण थंडी निघून जाईल ही भीती होती.

दुसरी चूक त्याहून मोठी. आज पाकीट पुन्हा वाचलं. दुकानातलं झिंक सल्फेट ३३ टक्क्यांचं निघालं, म्हणजे मोनोहायड्रेट, स्फटिकात पाणी कमी आणि जस्त जास्त असलेलं. मी हिशेब हेप्टाहायड्रेटचा केला होता. ४.४ ग्रॅममध्ये एक ग्रॅमऐवजी जवळजवळ दीड ग्रॅम जस्त गेलं : किलोला २०० च्या जागी २९०. शेतीच्या दुकानात दोन्ही प्रकार मिळतात आणि दोन्ही पांढरेच. पाकिटावरचा टक्का बघितल्याशिवाय तराजूला हात लावू नका.

दुरुस्ती : प्रकार २ च्या तिन्ही कुंड्या एकत्र ओतल्या, १५ किलो. त्यात ६.७५ किलो मुरबाडची माती घातली की २९० चे २०० होतात. पुन्हा १५ किलो भरली, उरलेली पिशवीत बांधून ठेवली. प्रकार ७ साठी तेच, पण गाळ्यामागची माती घालून. प्रकार ४ ला मात्र नवीन मातीमुळे तांबंही पातळ झालं असतं, म्हणून त्या ६.७५ किलोसाठी २.६५ ग्रॅम मोरचूद वेगळं मोजून घातलं. एक अख्खी दुपार गेली. विद्यार्थिनींपैकी एकीने हा मोरचुदाचा मुद्दा काढला, मी तो विसरले होते.

सगळ्या कुंड्या, स्वच्छ मातीसकट, आता ६ जानेवारीपर्यंत बियाण्याविना. मधूनमधून पाणी, मधूनमधून सुकवणं.

६ जानेवारी २०२४

पेरणी, दुसऱ्यांदा. कुंडीत बारा बिया, नंतर विरळणी करून पाच रोपं ठेवणार.

१२ जानेवारी २०२४

सगळीकडे उगवण. प्रकार ४ मध्येही. मुरवण्याचा फरक डोळ्यांना दिसतोय.

२४ जानेवारी २०२४

पाणी घालायला मामांच्या गाळ्यातली जुनी जस्ती बादली वापरत होतो. रात्री भरून ठेवायची, सकाळी तांब्याने घालायचं. आज बादली रिकामी करताना आत बोट फिरवलं तर पांढरट साका हाताला लागला. मातीचा नमुना घेताना घमेलं बाजूला ठेवायला सांगणारी मीच, आणि अठरा दिवस ह्या बादलीतून पाणी घालत होते.

रात्रभर ठेवलेलं पाणी तपासायला दिलं : लिटरला २.८ मिलिग्रॅम जस्त. दिवसाला अर्धा लिटर, अठरा दिवस, म्हणजे कुंडीत २५ मिलिग्रॅम, किलोला पाच. २०० च्या कुंडीला हे काहीच नाही, पण "स्वच्छ" कुंडीच्या आकड्यात ते येणार. सगळ्यांना सारखंच मिळालं म्हणून प्रयोग थांबवला नाही. आजपासून प्लास्टिकची बादली आणि प्लास्टिकचा मग. तांब्यासुद्धा बंद : तांबं मोजतोय आणि तांब्याने पाणी घालतोय, हे चालणार नाही.

४ फेब्रुवारी २०२४

चुन्याच्या तीन कुंड्यांपैकी दोन उत्तम. तिसरीतली वरची कोवळी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्यागार, जणू पानावर हिरव्या शाईने झाड काढलंय. हे लोहाच्या कमतरतेचं चिन्ह. पीएच घेतला : पहिल्या दोन कुंड्यांत ७.०, ह्या एकीत ७.८. डिसेंबरमधली वही काढली. त्या दिवशी चुना टाकताना फोन आला होता आणि तिसऱ्या कुंडीपुढे दोन खुणा आहेत. मी तिच्यात दोनदा चुना टाकला.

फेकून द्यावी असं वाटलं. मग ठेवली, कारण तिच्यातून काहीतरी कळेल. मोहरीसारख्या झाडाची मुळं लोहाला भुकेली झाली की लोह आत घेणारी दारं वाढवतात. ती दारं फार काटेकोर नाहीत. त्यांतून जस्त, मँगॅनीज आणि कॅडमियमही शिरतं. चुन्याने मातीतलं कॅडमियम बांधलं जातं हे खरं, पण त्याच चुन्याने लोहही बांधलं गेलं तर झाड दार आणखी उघडणार. दोन्हींत काय जिंकतं ते बघू.

त्या कुंडीवर हिराकशीची (फेरस सल्फेट) फवारणी केली, लिटरला ५ ग्रॅम, संध्याकाळी. (नंतरची नोंद : सहा दिवसांत नवी पानं हिरवी.)

१७ फेब्रुवारी २०२४

विरळणीनंतर जादा ठेवलेलं एकेक रोप मुळासकट काढलं, पांढऱ्या ट्रेमध्ये पाण्यात पसरलं.

स्वच्छ मातीतलं मूळ : लांब, दुधाळ, बारीक तंतूंनी भरलेलं. जस्ताचं : जरा आखूड, रंग तोच. तांब्याचं : बोटाच्या पेराएवढं, जाडसर, टोक तपकिरी, बाजूचे फाटे आखूड आणि काट्यांसारखे ताठ, केसतंतू जवळजवळ नाहीतच. आणि वर पाहावं तर तांब्याच्या कुंडीतला पाला स्वच्छ कुंडीपेक्षा थोडासाच कमी. तांबं आधी मूळ मोडतं. पान बघून अंदाज बांधणाऱ्याला ते फार उशिरा कळतं.

प्रकार ४ चं मूळ बघताना दोघी मुली गप्प झाल्या. एक तपकिरी झुबका, बास.

मला वाटतं, मिश्रणात झाडाची पंचाईत इथेच होते. झाड प्रत्येक धातूसाठी वेगळी तजवीज करतं : काही मुळाच्या पेशीभित्तीत अडकवायचं, काही ग्लुटाथायोन ह्या पेशीतल्या लहान रेणूपासून बनवलेल्या, धातू पकडणाऱ्या फायटोकिलेटिनने बांधून पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे साठवणीच्या पिशवीत, कोंडायचं, काही परत बाहेर टाकायचं. पण ग्लुटाथायोनचा साठा एकच आहे, आणि तोच पेशीतली जळजळ शमवायलाही लागतो. एका धातूला पुरणारी शिदोरी दोघांत वाटली की दोघांनाही अपुरी पडते.

२ मार्च २०२४

कापणी, पेरणीपासून आठ आठवड्यांनी. गाळ्यामागच्या मातीतली मोहरी गुडघ्याएवढी, फुलावर, टवटवीत. मामा बघून म्हणाले, "हिला तर काहीच झालं नाही." मी त्यांना आकडे येईपर्यंत थांबायला सांगितलं.

धुण्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण इथे आकडे दोन-तीन पटींनी खोटे पडू शकतात. पानं : नळाच्या पाण्याने, मग साबणाच्या अगदी पातळ पाण्यात अर्धा मिनिट, मग डिस्टिल्ड पाण्यात तीनदा. मुळं : आधी हलक्या हाताने माती, मग कॅल्शियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात पंधरा मिनिटं, म्हणजे मुळाच्या पृष्ठभागावर नुसते चिकटलेले धातू सुटतात, आणि शेवटी डिस्टिल्ड पाणी. प्रकार ५ ची थोडी पानं मुद्दाम न धुता वेगळी ठेवली. वागळे इस्टेटची धूळ किती, हे कळायला हवं.

महाविद्यालयाच्या ओव्हनमध्ये ७० अंशांवर ४८ तास.

वाळलेला पाला कुटायला मी घरून आजीचा खलबत्ता आणला होता. जड, सुंदर, पितळी. प्रयोगशाळेतल्या काकांनी हातातून काढून घेतला : "मॅडम, पितळ म्हणजे तांबं आणि जस्तच की." चिनी मातीचा खल दिला. मिक्सरही नको : स्टीलच्या पात्याने लोह, क्रोमियम, निकेल येतं.

खर्च आवरण्यासाठी प्रकार १ ते ४ चे तीन-तीन कुंड्यांचे पाले एकत्र करून प्रत्येकी एकच नमुना दिला. ५, ६, ७ चे वेगवेगळे. हे पुढे बोचणार आहे, कारण एकत्र केलेल्या नमुन्यात कुंडी-कुंडीतला फरक दिसत नाही. पण पैसे नव्हते.

१९ मार्च २०२४

आकडे आले. आधी वाढ, कुंडीमागे वाळलेल्या पाल्याचं सरासरी वजन : स्वच्छ २१.४ ग्रॅम, जस्त १६.९, तांबं १३.६, दोन्ही ७.७.

जस्ताने वाढ ७९ टक्क्यांवर आणली, तांब्याने ६४ टक्क्यांवर. दोघं एकमेकांत ढवळाढवळ न करता आपापला त्रास देत असते, तर दोन्ही मिळून निम्म्यावर, १०.७ ग्रॅम यायला हवे होते. आले ७.७. तीनच कुंड्या आहेत, फार ताणत नाही. पण माझ्या कुंड्यांत तरी एकेकट्याच्या त्रासावरून जोडीचा अंदाज कमीच पडला.

आता गाळ्यामागची माती. वजन १८.८ ग्रॅम, स्वच्छ मातीच्या जवळपास. पानातलं कॅडमियम : १०.६, ११.९, १०.८. ओल्या भाजीवर हिशेब केला, पाणी ८९ टक्के : किलोला १.२ मिलिग्रॅम, मर्यादेच्या सहापट. हीच ती टवटवीत, गुडघ्याएवढी, पिवळ्याधमक फुलांची मोहरी. तिला खरंच काही झालं नाही. तिने कॅडमियम बांधून रिक्तिकेत ठेवलं आणि वाढत राहिली. झाडाचं सोसणं आणि खाणाऱ्याचं सुरक्षित असणं ह्यांचा काही संबंध नाही. मामांना हाच आकडा दाखवला. ते बराच वेळ कागद धरून बसले.

शिसं : न धुतलेल्या पानात २१, धुतलेल्यात ६.३. म्हणजे दोन-तृतीयांश नुसती धूळ होती! मुळात १४८. शिसं मुळाशीच अडकतं, वर फार थोडं चढतं. कॅडमियमचं तसं नाही : मुळात १५.७, पानात ११.१. एकाच झाडात, एकाच मातीत, दोन धातूंचे दोन स्वभाव. धुतल्यानंतरचं शिसंही ओल्या भाजीवर ०.७ येतं, मर्यादा ०.३. आणि मुळाची भाजी, मुळा-बीट वगैरे, अशा जागी लावणं तर त्याहून वाईट.

चुना : बरोबर मात्रेच्या दोन कुंड्यांत कॅडमियम ४.८ आणि ५.३, निम्म्याहून कमी. दुप्पट चुन्याच्या कुंडीत ६.९. कमी व्हायच्या जागी वाढलं. एकाच कुंडीवरून सिद्धांत मांडत नाही, पण पिवळं पान आणि हा आकडा मला एकमेकांचे नातलग वाटतात. चुना टाकायचा तर पीएच मोजत मोजत, सातच्या आसपास थांबायचं.

जादा जस्त : जस्त आणि कॅडमियम रसायनाने सख्खे भाऊ, एकाच दारातून शिरणारे, म्हणून जस्त वाढवलं तर कॅडमियम बाहेर राहील अशी माझी अपेक्षा होती. आलं : ८.१, ८.६ आणि १२.९. दोन कुंड्यांत खाली, एकीत वर. मुळाच्या दारात जस्त कॅडमियमला मागे सारतं, पण मातीच्या कणांवरून तेच त्याला सोडवून पाण्यातही आणतं. कुठलं पारडं जड, ते कुंडीगणिक बदललं. वर वाढ १२.२ ग्रॅमवर घसरली. ह्या वाटेला जाऊ नका.

वाळा : पानात कॅडमियम ०.९, मुळात ९.४. वाळ्याने जे घेतलं ते जवळजवळ सगळं खालीच ठेवलं.

२७ मार्च २०२४

मोहरी लावून माती साफ करायला किती वर्षं? बसून हिशेब केला.

जागा १८.६ चौरस मीटर. वीस सेंटिमीटर खोल धरली तर सुमारे ४,८४० किलो माती, तिच्यात ३१ ग्रॅम कॅडमियम. एका पिकाला चौरस मीटरमागे अर्धा किलो वाळलेला पाला धरला, हा आकडा उदार आहे. म्हणजे पिकामागे ९.३ किलो पाला आणि त्यात १०३ मिलिग्रॅम कॅडमियम. नुसतं निम्म्यावर आणायचं तर दीडशे पिकं. वर्षाला दोन धरली तरी पंचाहत्तर वर्षं. शिशाचा हिशेब मांडलाच नाही.

एका सहकाऱ्याने ईडीटीए हे धातू पकडणारं रसायन सुचवलं. त्याने शिसं मातीतून सुटतं आणि मोहरी ते वर ओढते, हे खरं आहे. पण सुटलेलं सगळंच मोहरी ओढत नाही, उरलेलं पहिल्या पावसात खाली जातं. इथला नाला खाडीला मिळतो. ठाणे खाडीचा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून रामसर स्थळ. मामांच्या मागच्या अंगणातलं शिसं तिथल्या चिखलात नेऊन सोडायचा मला अधिकार नाही. नाही म्हटलं.

सुपर फॉस्फेटही विचारात होतं, कारण स्फुरद शिशाला घट्ट बांधतं. पण खनिज फॉस्फेटपासून बनलेल्या खतांत कॅडमियमची भेसळ मुळातच असते. ज्या मातीत तेच मोजतोय तिथे ते नको.

७ एप्रिल २०२४

ठरलं : माती साफ करायची नाही, धातू जिथे आहेत तिथेच धरून ठेवायचे. मामांच्या सोबतीने दोन दिवसांत काम उरकलं. चुनखडीची पूड थोडी थोडी, दर वेळी पीएच बघत, शेवटचं वाचन ६.९. वर चार बोटं कंपोस्ट. वाळ्याचे पंचेचाळीस ठोंब, नऊ-नऊ इंचांवर, नाल्याच्या बाजूला दुहेरी ओळ. उताराच्या तोंडाशी गोणपाटात माती भरून बांध घातला, पावसात गाळ वाहून जाऊ नये म्हणून. काम करताना मास्क, हातमोजे, आणि घरी जाण्याआधी चपला गाळ्यातच धुतल्या.

कापलेला पाला, मुळं आणि क्षार मिसळलेली माती : कंपोस्टमध्ये नाही, जाळलीही नाही, कारण जाळलं तर कॅडमियम धुरात जातं. दुहेरी पिशव्यांत, चिठ्ठी लावून, महाविद्यालयाच्या रासायनिक कचऱ्यासोबत जाईल. तळोज्याला घातक कचऱ्याची सामाईक व्यवस्था आहे, तिथे. गाळ्यामागची माती परत गाळ्यामागे ओतली.

खर्च : पहिल्या प्रयोगशाळेत २,४००, दुसरीकडे वीस नमुन्यांचे ३२,०००, बाकी टेम्पो, पिशव्या, क्षार, डिस्टिल्ड पाणी वगैरे ४,३५०. एकूण ३८,७५०. महाविद्यालयाने २०,००० दिले. वेळेपैकी निदान चार आठवडे घाई आणि पाकीट न वाचल्यामुळे गेले.

मुरबाडची दोन पोती माती उरली होती, ती मामीच्या घरी गॅलरीत नेली. स्वच्छ कुंडीतल्या मोहरीत कॅडमियम ०.२ होतं, वाळलेल्या वजनावर, तो कागद तिला दाखवला. तिने तो नीट वाचला, घडी घालून देवघरातल्या डबीखाली ठेवला आणि विचारलं, "मग ह्यात माठ पेरू ना?"

पेरला. वाळ्याच्या मुळांचं आणि नाल्याकडच्या गाळाचं पुढचं वाचन पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरमध्ये.